पेशींचें स्वभक्षण आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

(आकाशवाणीवरील भाषण)



आजच्या विषयाचें नांव ऐकून आपणांपैकीं कांहींना किळस येईल, तर कांहींना तें ओळखीचें वाटेल. किळस येणाऱ्यांस एवढेंच सांगतों कीं, येथें कोणी कोणाचा घास घेत नाहीं. पेशी आपल्याच अंगांतील जुनेंपुराणें पचविते, इतकाच या शब्दाचा अर्थ. ओळखीचें वाटण्याचें कारण असें कीं, 2016 सालीं जपानचे योशिनोरी ओसुमी यांस या विषयावरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तेव्हांपासून 'ऑटोफॅगी' हा शब्द भ्रमणध्वनीवरील संदेशांतून आपल्या घरोघरीं फिरत आहे. संदेशाचा मथितार्थ बहुधा असा असतो: उपवास केला म्हणजे पेशी आपला रोगट भाग खाऊन टाकतात, कर्करोगाच्या पेशी उपासमारीनें मरतात, आणि आपल्या पूर्वजांनीं एकादशी सांगितली ती याचसाठीं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्या महाराष्ट्रांत रूढ झाली, तेथें साबुदाण्याच्या खिचडीनें पेशींची उपासमार कशी घडावी, हा प्रश्न मी बाजूस ठेवतों.

परंतु ज्या घरांत खरोखरच कर्करोगाचा रोगी आहे, तेथें हा संदेश थट्टेचा राहत नाहीं. तो रोग्याच्या ताटाशीं येऊन बसतो. रोगी दोन घास खाऊं पाहतो, आणि जिव्हाळ्याचें माणूसच त्याला म्हणतें, 'नको खाऊंस, तूं जें खाशील तें त्या गांठीला मिळेल.' या बोलण्यांत माया असते, आणि शास्त्राचा आधार असल्याचा भासही असतो. तो आधार कितपत खरा आहे, हें मूत्रपिंडाच्या कर्करोगाचें उदाहरण घेऊन आज पाहूं. हेंच उदाहरण घेण्याचें कारण, स्वभक्षणाचा हितकर आणि घातक असा दोन्ही प्रकारचा व्यवहार या एका अवयवांत फार स्पष्टपणें दिसून येतो.

आपल्या शहरांतील जुन्या मंडळींस नहर-ए-अंबरी ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, जमिनीखालून पाणी आणविलें, तेव्हां त्या मार्गांत ठिकठिकाणीं आंत उतरण्याचीं तोंडें ठेविलीं. पाण्याची वाट बांधणें सोपें. ती गाळानें बुजूं न देणें कठीण, हें त्या बांधणाऱ्यास पक्कें कळलें होतें. मूत्रपिंडाच्या नलिकांची रचना पाहिली म्हणजे मला या नहराची आठवण होते. आपलीं दोन मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें 180 लिटर द्रव रक्तांतून गाळून घेतात, आणि त्यांतील दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सर्व पुन्हां रक्तांत परत करतात. ही परतफेड करण्याचें बहुतेक काम गाळणीस लागून असलेल्या नलिकेच्या पहिल्या भागांत चालतें. तेथील पेशी अहोरात्र राबतात, आणि त्यांस शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिका सतत झिजतात. झिजलेल्या तंतुकणिका तशाच पडून राहिल्या तर त्यांतून विषारी द्रव्यें झिरपूं लागतात. तेव्हां त्या वेळच्या वेळीं उचलून नेणारी कांहीं व्यवस्था पेशीच्या आंत असणें अवश्य आहे.

ही व्यवस्था म्हणजेच स्वभक्षण. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द द्यूव यांनीं 1955 सालीं पेशींतील लयकारिका, म्हणजे पाचक विकरांनीं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, जगापुढें आणल्या. आणि 1963 सालीं पेशीच्या या आत्मपचनास 'ऑटोफॅगी' हें नांव दिलें. त्यांस 1974 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. क्रिया अशी घडते: पेशींत एक दुहेरी पापुद्रा उत्पन्न होतो, तो निकामी भागाभोंवतीं द्रोणासारखा वळत जातो, द्रोणाचें तोंड मिटून त्याची पुरचुंडी होते, आणि ती पुरचुंडी लयकारिकेस जाऊन मिळते. आंतील वस्तूंचे तुकडे होतात, आणि जीं द्रव्यें सुटतात तीं नव्या बांधकामास वापरलीं जातात. जुन्या वाड्याचे सागवानी वासे उतरवून नव्या घरास लावण्याची आपल्याकडे रीत होती, तसाच हा प्रकार आहे.

द द्यूव यांच्यानंतर जवळजवळ तीस वर्षें हा विषय सूक्ष्मदर्शकांतील एक चमत्कार म्हणूनच राहिला. क्रियेस कोणतीं जनुकें लागतात हें कोणासही ठाऊक नव्हतें. ओसुमी यांनीं पाव फुगविण्याच्या कामीं येणारें यीस्ट घेतलें. ज्यांत पाचक विकरें नाहींत अशा वाणाच्या यीस्टची त्यांनीं उपासमार केली. पुरचुंड्या आंत येत राहिल्या, पण पचेनात, त्यामुळें त्यांची रास साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिसूं लागली. हें 1992 सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं या क्रियेस आवश्यक अशीं 15 जनुकें त्यांनीं शोधून दिलीं. मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हे प्रयोग यीस्टवरचे आहेत. मनुष्यानें केव्हां जेवावें आणि केव्हां उपाशी राहावें, याविषयीं त्यांत एक अक्षरही नाहीं.

या क्रियेचें दुसरें काम साफसफाईहून निराळें आहे. मराठवाड्याच्या जुन्या घरांत जमिनींत पेवें असत, हें येथील वृद्ध श्रोत्यांस आठवत असेल. सुकाळांत ज्वारी पेवांत जाई, आणि दुष्काळांत पेव उघडलें जाई. 1972 सालच्या दुष्काळांत घरांतील भांडीं मोडून, बैल विकून लोकांनीं दिवस काढले. पेशीही तेंच करते. बाहेरचें अन्न थांबलें कीं ती आपलेच भाग पचवून जगते. अन्न आहे कीं नाहीं याची खबर ठेवणारें एक प्रथिन पेशींत असतें. त्याचें नांव एम-टॉर. अन्न मुबलक असलें म्हणजे एम-टॉर जागें असतें, पेशीस वाढण्याची आज्ञा देतें आणि स्वभक्षण रोखून धरतें. अन्न तुटलें कीं तें निजतें, आणि पेवाचें तोंड उघडतें.

आतां कर्करोगाकडे वळूं. निरोगी पेशींत स्वभक्षण पहारेकऱ्याचें काम करतें. बिघडलेले भाग वेळीं नाहींसे झाल्यानें पेशी कर्करोगाच्या वाटेस लागण्याचा संभव घटतो. या क्रियेस लागणाऱ्या बेक्लिन नांवाच्या जनुकाची दोहोंपैकीं एकच प्रत ज्या उंदरांत ठेविली, त्यांस गांठी अधिक झाल्या, असें 2003 सालीं दिसून आलें. संदेश लिहिणारे येथपर्यंत येतात आणि थांबतात. पण गांठ एकदां तयार झाली, कीं तिच्या मध्यभागीं रक्त नीट पोंचत नाहीं, प्राणवायु तुटतो, अन्न तुटतें. अशा दुष्काळांत ती गांठ कशावर जगते? तेंच पेव उघडून. कालचा पहारेकरी आज चोराचा कोठीवाला होतो. शरीराला उपाशी ठेवून गांठ मारूं पाहणाऱ्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, उपासमारीत टिकून राहण्याची विद्या गांठीच्या पेशीस आपल्याहून अधिक अवगत असते.

मूत्रपिंडाच्या कर्करोगांत ही विद्या कोठून येते, याचा बराच उलगडा झाला आहे. या कर्करोगाच्या प्रौढ रोग्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश रोग्यांत जो प्रकार आढळतो, त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं काचेसारख्या स्वच्छ दिसतात. त्या चरबीनें व साखरेच्या सांठ्यानें भरलेल्या असतात, आणि तपासणीसाठीं काप तयार करतांना तो सांठा विरघळून जातो, म्हणून त्या रिकाम्या भासतात. हा कर्करोग नलिकेच्या त्याच राबत्या पहिल्या भागांतून उद्भवतो. त्याच्या मुळाशीं बहुतेक वेळां तिसऱ्या गुणसूत्राच्या आंखूड भुजेवरील एका जनुकाचा नाश असतो. जर्मनीचे नेत्रवैद्य फॉन हिपेल व स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ लिंडाउ यांनीं वर्णन केलेल्या एका आनुवंशिक रोगावरून त्यास व्हीएचएल असें म्हणतात. 1993 सालीं तें हातीं आलें.

व्हीएचएलचें नेहमींचें काम असें. पेशींत प्राणवायु पुरेसा असतांना 'हिफ' नांवाचें प्रथिन निरर्थक असतें. व्हीएचएल त्यावर नाशाची खूण करतें व तें मोडलें जातें. प्राणवायु घटला तर मात्र हिफ टिकतें आणि नव्या रक्तवाहिन्या मागवतें. व्हीएचएल नष्ट झालें म्हणजे प्राणवायु भरपूर असूनही हिफ टिकून राहतें, आणि पेशी खोटीच ओरड करूं लागते कीं, माझा श्वास कोंडतो आहे, रक्त पाठवा. रक्तवाहिन्या येतात, गांठ पोसली जाते. प्राणवायूची ही जाणीव कशी चालते हें दाखविल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या तिघांस 2019 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

याच व्हीएचएलचा स्वभक्षणाशींही संबंध आहे. 2012 सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, व्हीएचएल शाबूत असतांना एक अगदीं लहानसा आरएनए पेशींत मुबलक असतो, आणि तो पुरचुंडी बांधण्यास लागणारें एलसी-3-बी हें प्रथिन दाबून ठेवतो. व्हीएचएल गेलें कीं हा दाब सुटतो, स्वभक्षण मोकाट चालूं लागतें आणि गांठीस बळ मिळतें. गंमत अशी कीं, त्याच प्रथिनाचें भावंड एलसी-3-सी हें नेमकें उलट वागतें. तें गांठीस आवरतें, आणि व्हीएचएलच्या संगतींतच तें टिकतें. तेव्हां 'स्वभक्षण वाढवावें कीं घटवावें' हा प्रश्नच मुळीं फार ढोबळ आहे. मुलांत व तरुणांत आढळणाऱ्या या कर्करोगाच्या एका विरळ प्रकारांत तर गुणसूत्रांची मोडतोड होऊन जें जनुक भलत्या जागीं जोडलें जातें, तें लयकारिकांच्या निर्मितीवर हुकमत चालविणाऱ्या कुलांतलेंच असतें.

उपचारांच्या इतिहासांत एक भारतीय नांव येतें, तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. 1964 सालीं कॅनडाची एक मोहीम प्रशांत महासागरांतील ईस्टर बेटावर गेली होती. तिनें तेथील माती आणली. त्या मातींतील जंतूंपासून अविभक्त पंजाबांत जन्मलेले सुरेंद्रनाथ सेहगल यांनीं मॉन्ट्रियल येथें एक औषध वेगळें काढलें. बेटाच्या रापा नुई या नांवावरून त्याचें नांव रापामायसीन ठेविलें. 1975 सालीं तें प्रसिद्ध झालें. पुढें ती प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हां सेहगल यांनीं तें जंतु-बीज घरच्या शीतपेटींत जपून ठेविलें, असें सांगतात. 1999 सालीं मूत्रपिंडाचें रोपण केलेल्या रोग्यांसाठीं त्या औषधास मान्यता मिळाली. एम-टॉर या नांवांतील 'टॉर' म्हणजे 'रापामायसीनचें लक्ष्य'. औषध आधीं सांपडलें आणि प्रथिनाचें नांव त्यावरून पडलें.

रापामायसीनचेंच एक भावंड एव्हरोलिमस. पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठीं तें 2009 सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें एम-टॉरला निजवितें, म्हणून पेशीची वाढ थांबते. पण आतांच आपण पाहिलें कीं, एम-टॉर निजलें म्हणजे पेव उघडतें! औषधानें एका हातानें गांठीचें अन्न तोडलें आणि दुसऱ्या हातानें कोठाराची किल्ली दिली. एव्हरोलिमसनें रोग कांहीं महिने थांबतो आणि मग पुन्हां चालूं लागतो, याचें एक कारण हें असावें, असा तर्क निघाला. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला कीं, त्याच वेळीं लयकारिकांचें पचन बंद पाडलें तर?

पचन बंद पाडणारें औषध नवें शोधावें लागलें नाहीं. हिवतापावरील क्लोरोक्विन व त्याचें सौम्य रूप हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीं लयकारिकांत जाऊन सांठतात आणि तेथील आम्लता घालवितात. आम्लता गेली कीं विकरें निकामी होतात. पुरचुंड्या येतात, पण ओसुमींच्या यीस्टप्रमाणें न पचतां पडून राहतात. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नेतृत्वाखालीं झालेल्या एका चांचणींत, आधीं अन्य उपचार झालेल्या मूत्रपिंड-कर्करोगाच्या रोग्यांस एव्हरोलिमससह हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यांत आलें. तिचा वृत्तान्त 2019 सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचें मूल्यमापन होऊं शकलें अशा 33 रोग्यांपैकीं 22 जणांचा रोग आटोक्यांत राहिला. गांठी खऱ्या अर्थानें आक्रसल्या त्या दोघांच्याच. आणि 15 जणांचा रोग सहा महिन्यांपर्यंत वाढला नाहीं. संशोधकांनीं आधीं ठरविलेली यशाची मर्यादा यानें ओलांडली. परंतु या चांचणींत नुसतें एव्हरोलिमस घेणाऱ्यांचा तुलनेचा गट नव्हता. त्यामुळें यश जोडीचें किती आणि एकट्या एव्हरोलिमसचें किती, हें त्यावरून ठरत नाहीं. माझ्या मतें हा आंकडा आशेचा आहे, पण औषधाच्या चिठ्ठीवर उतरविण्याजोगा नाहीं.

दरम्यान उपचारांची गाडीही पुढें गेली. रक्तवाहिन्या रोखणारें सुनिटिनिब 2006 सालीं आलें. त्याच्या बाबतींत तर असें आढळलें कीं, गांठीच्या पेशी तें औषधच लयकारिकांत कोंडून ठेवतात, म्हणजे कचऱ्याची कोठडी शत्रूच्या शस्त्रांची कोठडी होते. मग शरीराच्या संरक्षक पेशींस जागें करणारीं औषधें आलीं. निव्होलुमॅब 2015 सालीं, त्याची इपिलिमुमॅबशीं जोडी 2018 सालीं. आणि हिफवरच घाव घालणारें बेलझुटिफान 2021 सालीं त्या आनुवंशिक रोगासाठीं, तर 2023 सालीं पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठीं अमेरिकेंत मान्य झालें. एव्हरोलिमस आतां मागल्या रांगेंत गेलें आहे. संरक्षक पेशींवर भिस्त ठेवणाऱ्या या नव्या उपचारांत स्वभक्षण सरसकट बंद करण्याची एक नवीच अडचण आहे, ती ही कीं, संरक्षक पेशींनाही दीर्घकाळ टिकण्यास स्वभक्षण लागतें. चोराची कोठी बंद करतांना शिपायाचीही शिदोरी बंद व्हावयाची. गांठीच्याच पेशींत हें पचन रोखतां यावें, अशीं नेमकीं औषधें शोधण्याचें काम म्हणूनच चालूं आहे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचें नांव घेतलें, म्हणून इशारा देणें प्राप्त आहे. 2020 सालीं करोनाच्या सांथींत हें औषध दुकानांतून कसें नाहींसें झालें, हें आपण पाहिलें. मोठ्या चांचण्यांत त्या रोगावर त्याचा गुण दिसला नाहीं, आणि संधिवाताच्या ज्या रोग्यांस तें खरोखर हवें होतें, त्यांची मात्र धांवपळ झाली. संधिवातांत तें दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅम देतात. वरील चांचणींत 1200 मिलिग्रॅम दिलें होतें. त्यानें डोळ्याच्या पडद्यास इजा होऊं शकते, हृदयाची लय बिघडूं शकते. घरच्या कपाटांतील उरलेल्या गोळ्या कर्करोगाच्या रोग्यास देण्याचा विचारही कोणी मनांत आणूं नये.

राहिला ताटाचा प्रश्न. उपवासानें मूत्रपिंडाचा कर्करोग बरा होतो, याला मनुष्यांतील पुरावा नाहीं. उलट एव्हरोलिमससारख्या औषधांनीं तोंडास फोड येतात, जेवणावरील वासना उडते, जुलाब होतात; रोग्याचें वजन व स्नायु आधींच घटत असतात. घटत्या वजनाच्या रोग्यास औषधाची पूर्ण मात्रा सोसत नाहीं, आणि मात्रा कमी करावी लागली तर लाभ गांठीचा होतो. एक मूत्रपिंड काढलेलें असल्यास डाळ, दूध, अंडीं यांचें प्रमाण किती ठेवावें, हें रक्ताची तपासणी पाहून डॉक्टर ठरवितात; प्रमाण ठरविणें वेगळें आणि बंद करणें वेगळें. श्रद्धेनें एकादशी करणाऱ्या रोग्यानें तीही डॉक्टरांस आधीं सांगावी, विशेषतः मधुमेह असल्यास, कारण एव्हरोलिमसनें रक्तांतील साखर वाढते आणि मधुमेहाच्या गोळ्यांचें गणित उपवासाच्या दिवशीं निराळें होतें.

हा रोग लहान गांठ असतांनाच सांपडला तर शस्त्रक्रियेनें पुष्कळदां पूर्ण बरा होतो, आणि अनेकदां गांठीपुरता भाग काढून मूत्रपिंड वांचवितां येतें. अलीकडे पुष्कळ गांठी दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या सोनोग्राफींत अवचित दिसतात. धूम्रपान, स्थूलता आणि रक्ताचा वाढलेला दाब यांनीं धोका वाढतो. लघवींतून, कांहीं न दुखतां, एकदां जरी रक्त गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं आपोआप थांबलें, तरी 'उष्णतेनें झालें असेल' म्हणून सब्जाचें पाणी पीत बसूं नये. त्याच आठवड्यांत तपासणी करून घ्यावी. पूर्वीं मराठवाड्यांतील अशा रोग्यास मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. 2012 सालापासून आपल्या शहरांत शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथें किंवा अन्यत्र जातांना आधींच्या सोनोग्राफीचा अहवाल, चालूं असलेल्या सर्व औषधांची यादी, आणि त्या यादींत, कोणी सुचविलेले काढे, चूर्णें व उपवास असतील तर तेही, न लाजतां लिहून न्यावे.